सावंतवाडी परिसरातील वाहनविरळ सायकलमार्ग : प्रकल्प नोंदी (ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५)

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आज प्रकल्पाची पहिली नोंद करीत आहे. सावंतवाडी हे केंद्र मानून साधारण तीस किलोमीटरच्या परिघात, झाडीतून जाणाऱ्या आणि मोटारींची वर्दळ जवळजवळ नसलेल्या डांबरी रस्त्यांचे सायकलमार्ग आखायचे, प्रत्येक मार्ग स्वतः चालवून तपासायचा आणि उन्हाळा सुरू होण्याआधी ते सर्वांसाठी खुले करायचे, असे ठरले आहे. काम मी आणि माझी भाची असे दोघे करणार आहोत. तिची सायकल रस्त्यावरच्या वेगवान सायकलींच्या जातीची, २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरची आहे; माझी जुनी, जाड टायरची आहे. एकच रस्ता दोघांना वेगळा भासतो आणि तपासणीसाठी ते उपयोगाचेच ठरेल.

या कामामागचे कारण इथेच लिहून ठेवतो. गेल्या वर्षी महामार्गावर मागून आलेल्या एका मालवाहू गाडीने माझ्या सायकलसोबत्याला साइडपट्टीवरून खाली उतरायला भाग पाडले. हात मोडला, तो जुळला. परंतु त्याने त्यानंतर सायकल बाहेर काढलेली नाही. बावीस वर्षे आम्ही दर रविवारी एकत्र जात होतो. त्याला पुन्हा सायकलवर बसायला सांगायचे असेल, तर कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता, हे मला नेमके सांगता आले पाहिजे.

व्याख्या आधी स्पष्ट करतो. केवळ सायकलींसाठी राखलेला, मोटारींना बंद असलेला ग्रामीण रस्ता आपल्या भागात नाही. युरोपात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर असे रस्ते झाले आहेत. आपली कोकण रेल्वे मुळात १९९८ साली पूर्ण सुरू झालेली आणि आज अखंड धावणारी आहे, त्यामुळे ती वाट आपल्याला उपलब्ध नाही. म्हणून ‘वाहनमुक्त’ हा शब्द सोडून ‘वाहनविरळ’ हा शब्द घेतला आहे. कसोटी अशी : ठरावीक जागी अर्धा तास उभे राहून मोजल्यावर दोन्ही दिशांनी मिळून दहापेक्षा जास्त मोटारवाहने जाता कामा नयेत, आणि त्यांत एकही अवजड वाहन असता कामा नये. दुचाक्या वेगळ्या मोजायच्या. ही कसोटी आमची आहे, कोणत्याही शासकीय मानकातून घेतलेली नाही.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवसभर नकाशावर काम केले.

राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग या उतरंडीत आपल्याला शेवटच्या दोन पायऱ्यांवर मुख्य लक्ष द्यायचे आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर ही ओळख किलोमीटरच्या दगडावरून पटते : डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर गावरस्ता. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची डांबरी पट्टी बहुधा पावणेचार मीटर रुंद असते, आणि वाहतूक फारच कमी असेल तिथे तीन मीटर. या रुंदीवर दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावेच लागते, म्हणून घाईत असलेला चालक शक्यतो असा रस्ता निवडत नाही. अरुंदपणा ही आपल्यासाठी उणीव नसून संरक्षण आहे. याच योजनेच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा करार नोंदवलेला असतो. ती पाच वर्षे संपलेल्या रस्त्यांची पृष्ठभागतपासणी अधिक बारकाईने करायची आहे.

संगणकावरच्या नकाशांच्या दोन मर्यादा आज ठळकपणे लक्षात आल्या. पहिली, उपग्रहचित्रात दाट झाडीखालचा रस्ता दिसतच नाही, त्यामुळे तो डांबरी आहे, खडीचा आहे की मध्येच संपतो, हे चित्रावरून ठरवता येत नाही. आपल्याला नेमके झाडीखालचेच रस्ते हवे असल्यामुळे ही अडचण मोठी आहे. दुसरी मर्यादा उंचीची आहे. अनेक नकाशासेवा जी उंचीची माहिती वापरतात ती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली असून, जंगलात ते रडार जमिनीपर्यंत न पोहोचता पानांच्या छताच्या आसपासच परावर्तित होते. परिणामी ऐन-किंजळीच्या झाडीतून जाणारा सपाट रस्तासुद्धा आलेखावर खालीवर हिंदकळताना दिसतो आणि एकूण चढाई फुगते. म्हणून चढ हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकानेच नोंदवायचा आणि सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावरील वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषांशी ताडून पाहायचा, असे ठरवले.

नकाशावर बोट फिरवताना आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. सह्याद्रीच्या पायथ्याशी नद्यांची उगमाकडची खोरी पूर्वेला कड्याला जाऊन थांबतात. घाट नसेल तर रस्ताही तिथेच थांबतो. ज्या रस्त्याच्या शेवटी फक्त एक गाव आहे, त्यावर त्या गावाला कामासाठी जाणारा माणूसच येतो. पहिली तपासणी अशा खोऱ्यांची करायची.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सावंतवाडी–कळंबिस्त–शिरशिंगे. सकाळी सव्वासहाला मोती तलावापासून निघालो, पुरेसे उजाडल्यावर शहराची हद्द ओलांडली.

ही आजवरची सर्वांत समाधानकारक फेरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो. शहराच्या आसपासच्या पहिल्या टप्प्यात दूधवाले, पाववाले आणि शहराकडे कामाला येणारे दुचाकीस्वार भेटले. तो टप्पा आमच्या कसोटीला उतरत नाही आणि तसे मार्गपत्रात, म्हणजे प्रत्येक मार्गाच्या माहितीच्या कागदात, लिहिले पाहिजे. सावरवाडच्या पुढे रस्ता हळूहळू एकटा होत गेला. कळंबिस्तच्या पुढे तर सायकलच्या साखळीचा आवाज आपल्यालाच मोठा वाटावा इतकी शांतता होती. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, मध्येच फणस, ओहोळाच्या काठाने जंगल, आणि सातविणीचा तो जड, गोडसर वास. समोर मनोहर-मनसंतोषगडाचा डोंगर प्रत्येक वळणावर थोडा अधिक जवळ येतो. डोंगर जवळ येत असूनही रस्ता मात्र फारसा चढत नाही, कारण तो खोऱ्याच्या तळाने जातो. खरा चढ शेवटच्या वाड्यांकडे वळल्यावरच सुरू होतो.

मोजणीसाठी वळणावरच्या एका मोरीच्या (ओहोळावरच्या लहान पुलाच्या) कठड्यावर बसलो. अर्ध्या तासात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच वाहने गेली. जवळच्या दुकानदारांनी त्याचे कारण सांगितले : “वस्तीची गाडी गेली काय मगे धा वाजासर रस्तो मोकळोच आसता.” या एका वाक्याने आमच्या कामाची पद्धत बदलली. रात्री गावात मुक्कामाला थांबणारी आणि पहाटे सुटणारी एसटी हे गावाच्या रस्त्याचे घड्याळ आहे. ती जाते तेव्हा तिला गाठायला माणसे दुचाकीवरून येतात, सोडायला आलेले परत जातात, आणि त्यानंतर शाळा-कचेरीची वेळ होईपर्यंत रस्ता रिकामा राहतो. आम्ही मोजणीच्या वेळा घड्याळावरून ठरवल्या होत्या. त्या यापुढे गाडीच्या वेळेवरून ठरवायच्या.

परतताना एका वळणावर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातले होते. राखणीला बसलेल्या आजी म्हणाल्या, “हळू जावा हां, भात वाळत घातलला आसा.” आम्ही उतरून सायकली हातात धरून गेलो. या दिवसांत डांबरी रस्ता हे खळेसुद्धा असते, आणि ज्यांचा तो रस्ता आहे त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. सायकलस्वाराने भातावरून चाक घालायचे नाही, हा नियम मार्गपत्राच्या पहिल्याच ओळीत असेल.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मोजणी नाही. विधानसभेचे मतदान २० तारखेला असल्यामुळे प्रचाराच्या गाड्या अगदी शेवटच्या वाडीपर्यंत जात आहेत. शिवाय त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराची सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा या दिवसांतलीच, त्यामुळे पश्चिमेकडचे रस्तेही गजबजलेले. अशा आठवड्यात घेतलेले आकडे कोणालाच उपयोगाचे नाहीत. जत्रांचे दिवस मार्गपत्रात टाळायचे दिवस म्हणून द्यायचे, एवढे नोंदवून ठेवतो.

१ डिसेंबर २०२४, रविवार

बांदा–दाणोली रस्ता. माझ्या मनात हाच मार्ग प्रकल्पाचा कळस ठरणार होता. वाफोली, विलवडे, ओटवणे, सरमळे ही गावे जोडत तेरेखोल नदीच्या खोऱ्यातून जाणारा, झाडीने भरलेला, चढ-उतार सौम्य असलेला रस्ता. नकाशावर पाहताच सायकलसाठीच आखला असावा असे वाटते.

प्रत्यक्षात तो निराशा करणारा निघाला, आणि त्याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. आंबोली घाट उतरून येणाऱ्याला गोव्याकडे जायचे असेल तर सावंतवाडी शहर टाळून थेट बांद्याला पोहोचवणारी ही जवळची वाट आहे. त्यामुळे शिरशिंग्याच्या रस्त्यावर फक्त शिरशिंग्याला जाणारी माणसे भेटतात, तर इथे घाटावरून गोव्याला निघालेली वाहने भेटतात, आणि त्यांना या गावांशी काही देणेघेणे नसते. वेग जास्त, वळणे आंधळी, साइडपट्टी पानांनी झाकलेली. पहिल्या मोजणीच्या पंधराव्या मिनिटालाच दहाची मर्यादा ओलांडली गेली, आणि त्यांत मालवाहू गाड्याही होत्या. भाचीने विचारले, “मामा, अर्धा तास पुरा करायचा का?” आम्ही तो पूर्ण केला, कारण नापास झालेल्या मार्गाची नोंदही तितकीच काटेकोर असायला हवी.

यावरून एक सूत्र हाती लागले आहे. रस्त्याची शांतता त्याच्या रुंदीवर किंवा झाडीवर अवलंबून नसून तो कोणत्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडतो यावर अवलंबून आहे. यापुढे कोणताही मार्ग तपासण्याआधी त्याची दोन्ही टोके पुढे लांबवून पाहायची. पलीकडे कुठलेही शहर, घाट किंवा राज्याची सीमा येत असेल तर तो आडमार्ग म्हणून वापरला जात असण्याची शक्यता गृहीत धरायची.

त्याच दृष्टीने आंबोली घाटाचाही निर्णय आजच करून टाकतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि हा चढ अनेक सायकलस्वारांचे स्वप्न असतो, हे मला माहीत आहे. तरुणपणी माझेही होते. परंतु तो घाटमाथ्याला कोकणाशी आणि गोव्याशी जोडणारा प्रमुख रस्ता आहे, त्यावर अवजड वाहतूक आहे आणि धुके असते तेव्हा वळणावरचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आमच्या यादीत तो नसेल.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

मळगाव–सोनुर्ली–मातोंड–तुळस या पश्चिमेकडच्या गावांतील आडरस्ते. इथे डोंगर नाही. जांभ्याचे सडे (उघडी खडकाळ पठारे), मधल्या दऱ्यांतली कुळागरे (माड-पोफळीच्या बागा) आणि शेताचे मळे असा प्रदेश आहे. रस्ते पूर्वीच्या पायवाटांवर आणि गाडीवाटांवर डांबर घालून झालेले असल्यामुळे चढ लहान पण एकदम अंगावर येणारे आहेत : शंभर मीटरमध्ये दहा-बारा मीटर चढायचे, लगेच तेवढेच उतरायचे. दिवसाअखेर पायांना घाट चढल्याइतकाच थकवा येतो.

शांतता चांगली आहे, पण ती ऋतूवर अवलंबून आहे. पावसाळा संपला की चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चौकोनी दगड काढण्याच्या खाणी, सुरू होतात आणि चिऱ्यांनी भरलेले ट्रक सड्यांवरच्या अरुंद रस्त्यांनी खाली येऊ लागतात. एकाच वळणावर सप्टेंबरमध्ये पक्ष्यांशिवाय आवाज नसतो आणि डिसेंबरमध्ये लाल धुळीचा थर बसलेला असतो. चिऱ्याची खाण कुठे आहे हे नकाशा सांगत नाही. रस्त्याकडेची झाडे सांगतात. पाने लाल दिसली की पुढे वळायचे नाही. भाचीने या खुणेवरून दोन फाटे आधीच वगळले आणि नंतर ते दोन्ही खाणीकडेच जात असल्याचे खात्रीने समजले.

उरलेल्या तुकड्यांतून मातोंड आणि तुळस यांच्या आसपासचा एक वळसा शिल्लक राहतो. तो फक्त रविवारसाठी मान्य करायचा. मात्र सुट्टीच्या दिवशी खाणीचे ट्रक खरोखर बंद असतात का, हे आणखी दोन रविवार पाहून निश्चित करायचे.

५ जानेवारी २०२५, रविवार

दोडामार्ग तालुका. बांद्याच्या पुढे तिलारीच्या बाजूला गेलो होतो.

जे पाहिले ते लिहिताना जरा थांबावे लागत आहे. सगळ्या प्रकल्पात इतका रिकामा, इतका सावलीचा आणि इतका सुंदर रस्ता दुसरा मिळालेला नाही. सकाळची अर्ध्या तासाची मोजणी जवळजवळ कोरी राहिली. वरून मलबारी राखी धनेशांचे ते खदाखदा हसल्यासारखे ओरडणे ऐकू येत होते, आणि ओढ्याच्या काठी बसून आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

एका वाडीत पाणी मागायला थांबलो तेव्हा घरातल्या काकांनी आम्ही किती वाजता निघालो हे आधी विचारले. पहाटे निघालो हे ऐकून त्यांना ते पसंत पडले नाही. माडाच्या मोडलेल्या झाडांकडे बोट करून ते म्हणाले, “हत्ती काय रोज येना नाय, पण येतलो कधी ता सांगूक येना नाय.” कर्नाटकातून उतरलेले हत्ती २००२ पासून या तालुक्यात आहेत. केळी, माड, सुपारी आणि भातशेतीचे नुकसान इथल्या माणसांनी दोन दशकांहून अधिक काळ सोसले आहे आणि माणसांचे जीवही गेले आहेत. तेव्हा हा रस्ता सकाळी आणि संध्याकाळी का रिकामा असतो, याचा उलगडा झाला. माणसे त्या वेळी घराबाहेर पडणे टाळतात. आमच्या कसोटीत शंभर टक्के उतरणारी ती शांतता भीतीतून आलेली आहे.

हत्तीसमोर सायकल हे सर्वांत वाईट वाहन आहे. ती आवाज न करता वळणावरून अगदी जवळ जाऊन पोहोचते, त्यामुळे जनावर दचकते. आणि अरुंद, चढाच्या रस्त्यावर सायकल वळवून पळणे शक्य नसते. गव्यांच्या बाबतीतही पहाटे आणि तिन्हीसांजेला हेच खरे आहे, आणि गवे तर सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या इतर मार्गांवरही आहेत.

१९ जानेवारी २०२५, रविवार

दोन आठवडे विचार केला, दोघांनी वादही घातला. भाचीचे म्हणणे असे होते की, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेची अट घालून दोडामार्गचा मार्ग द्यावा, कारण माहिती दडवणे योग्य नाही आणि लोक आपण न सांगताही जाणारच. माझे मत वेगळे होते आणि शेवटी तेच मान्य झाले : तिलारीच्या आसपासचा एकही मार्ग प्रसिद्ध करायचा नाही.

त्याची कारणे पुढे कोणी विचारली तर नोंद असावी म्हणून लिहितो. जून २०२० मध्ये तिलारीच्या खोऱ्यातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले आहे. सावंतवाडी–दोडामार्ग हा वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचा पट्टा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये या पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. जिथे न्यायालयाला झाडांच्या रक्षणासाठी इतक्या वेळा लक्ष घालावे लागले आहे, तिथे रविवारी सकाळी पन्नास सायकलस्वार येण्याची व्यवस्था आपण करू नये. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या बाहेरच्या सायकलस्वाराला काही झाले तर त्याचे उत्तर त्या वाडीतल्या माणसांना द्यावे लागेल. त्यांच्यावर आधीच पुरेसे ओझे आहे.

तिथल्या रस्त्यांची नोंदलेली फाइल आज दोघांच्याही यंत्रांतून काढून टाकली.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पृष्ठभागाची तपासणी. शिरशिंगे आणि सांगेली या दोन खोऱ्यांच्या मार्गांवर पूर्ण दिवस घालवला.

सांगेलीचा रस्ता शिरशिंग्याइतका मोकळा नाही, कारण तिथे नवोदय विद्यालय आहे आणि पालकभेटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते; ते दिवस वगळले तर मार्ग चांगला आहे. सांगेली आणि कळंबिस्त यांना जोडणाऱ्या आतल्या रस्त्याने दोन्ही खोऱ्यांचा एक वळसा होतो, आणि गेल्या वाटेने परत न येता घरी पोहोचण्याचे समाधान मिळते. मला स्वतःला मात्र त्याच रस्त्याने परतण्यात कमीपणा वाटत नाही. जाताना डोंगराकडे तोंड असते, येताना उतार आणि मोकळे आकाश समोर असते.

पृष्ठभागाची प्रतवारी तीन अक्षरांत केली आहे. ‘अ’ म्हणजे गुळगुळीत कार्पेट (डांबराचा सलग वरचा थर), २८ मिलिमीटरचे टायर निर्धास्त चालतील. ‘आ’ म्हणजे वरचा डांबराचा थर झिजून खडी डोकावते आहे. ३२ मिलिमीटरचे टायर आणि थोडी कमी हवा ठेवावी. ‘इ’ म्हणजे खड्डे, उखडलेली खडी किंवा मातीचा तुकडा, उतरून चालावे. सर्वांत फसवी जागा म्हणजे उताराच्या शेवटी ओहोळावरची मोरी : तिथे डांबर संपून काँक्रीट सुरू होते, सांध्यावर बोटभर पायरी असते, वर सावली असल्यामुळे ती दिसत नाही, आणि वेग नेमका तिथेच सर्वांत जास्त असतो. आज भाचीचे मागचे चाक अशाच सांध्यावर आपटून पंक्चर झाले. अशा प्रत्येक मोरीला नकाशावर खूण केली.

२ मार्च २०२५, रविवार

चाचणी फेरी. एकूण सात जण : सर्वांत लहान तेरा वर्षांचा, सर्वांत मोठे अडुसष्ट वर्षांचे. मार्ग कळंबिस्त–सांगेलीचा वळसा.

काजूचा हंगाम सुरू झाला आहे. रस्त्याकडेला बोंडूंचा आंबूस-गोड वास आहे आणि वळणांवर पडलेल्या बोंडूंचा चिखल झाला आहे, त्यावरून चाक घसरते. बागांची साफसफाई करून पालापाचोळा जाळण्याचेही हे दिवस, त्यामुळे सकाळी काही जागी धूर दाटलेला होता. मार्च-एप्रिलच्या सूचनांत दोन्ही गोष्टींचा समावेश केला.

तेरा वर्षांच्या मुलाची गती हीच गटाची गती ठेवली होती. गवारेड्यांचा धोका लक्षात घेऊन पूर्ण उजाडल्याशिवाय झाडीच्या टप्प्यात शिरायचे नाही, हा नियमही पाळला. पाण्यासाठी तीन जागा निश्चित केल्या. तिन्ही ठिकाणी घरच्यांना विचारून, त्यांची संमती घेऊनच. एका काकूंनी पाणी देण्याला आनंदाने होकार दिला, पण घराची खूण नकाशावर टाकू नये अशी विनंती केली. ती अर्थातच मान्य केली.

माझा तो सोबती आज आला नाही. त्याला मार्गाचा कागद नेऊन दिला आणि वेळेचा तक्ता समजावून सांगितला. त्याने कागद दोनदा वाचला आणि वस्तीची गाडी रविवारीही सुटते का, एवढेच विचारले.

सांगेलीला होळीच्या वेळी फणसाच्या झाडाचा बुंधा आणून गिरोबाची प्रतिष्ठापना होते. दरवर्षी नवा फणस, नवा देव. त्या उत्सवाच्या आणि एकूणच शिमग्याच्या दिवसांत रस्ते गावाचे असतात. तेव्हा मोजणीही नाही आणि फेरीही नाही.

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

मार्गपत्रे आज पूर्ण झाली. मुळात अकरा मार्ग तपासायला घेतले होते, त्यांतले चार उरले : शिरशिंगे जाऊन-येऊन, कळंबिस्त–सांगेली वळसा, मातोंड–तुळस वळसा (फक्त रविवारी, दोन्ही राहिलेल्या तपासण्या झाल्या), आणि नरेंद्र डोंगराच्या आसपासचा नवशिक्यांसाठीचा छोटा मार्ग. चार ही संख्या कमी वाटेल, पण या चारांबद्दल मी खात्रीने बोलू शकतो.

प्रत्येक पत्रात अंतर आणि चढाईच्या आधी वेळ दिली आहे : कोणत्या गाडीनंतर निघावे, किती वाजेपर्यंत परतावे, कोणते दिवस टाळावेत. त्यानंतर मोऱ्या, आंधळी वळणे, पृष्ठभागाची प्रत, आणि शेवटी अंतर. मार्गाची रेषा देणारी फाइल सोबत आहे, पण वेळेचा तक्ता वाचल्याशिवाय ती उतरवता येणार नाही अशी मांडणी भाचीने केली आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरही आम्ही या रस्त्यांचे पृष्ठभाग आणि दोन हरवलेले जोडरस्ते भरले, म्हणजे इतरांनाही ते दुरुस्त करता येतील.

१३ एप्रिल २०२५, रविवार

सोबत्याचा सकाळी फोन आला. शिरशिंग्याच्या रस्त्यावर कळंबिस्तपर्यंत जाऊन आला, एकटाच. एसटीची वेळ आमच्या तक्त्यात दिली आहे त्यापेक्षा वीस मिनिटे उशिराची आहे, असे त्याने सांगितले. दुपारी जाऊन खात्री करून घेतली. तो बरोबर होता. तक्ता दुरुस्त केला.

२५ मे २०२५, रविवार

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच जोरदार पाऊस सुरू झाला होता आणि आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. इतक्या लवकर तो येईल असे धरून आम्ही काही केले नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मार्ग बंद करण्याचे ठरले होते.

आज चारही मार्गपत्रांवर ‘ऑक्टोबरपर्यंत बंद’ अशी ओळ घातली. सावलीतल्या डांबरावर आठवड्याभरात शेवाळ धरते आणि अरुंद टायर त्यावर सरळ उभेही राहत नाही. कॉजवेवरून किती पाणी जात आहे हे काठावरून कळत नाही. आणि झाड पडून रस्ता बंद झाला तर दुसरी वाट नसलेली ही खोरी आहेत. ऑक्टोबरमध्ये मोऱ्यांचे सांधे पुन्हा तपासायचे, कोणत्या रस्त्यावर नवे कार्पेट झाले ते पाहायचे, आणि वस्तीच्या गाडीच्या वेळा आगारात जाऊन विचारून घ्यायच्या. पहिल्या तपासणीसाठी सोबत्याने २० ऑक्टोबरनंतरचा पहिला रविवार मागून घेतला आहे.